गेला तेवढा परत आला पाहिजे

मे महिन्यातली गोष्ट आहे, म्हणजे सोलापुरात ज्या महिन्यात दुपारी एक ते पाच रस्त्यावर फक्त कुत्री आणि तीपण सावलीत दिसतात तो महिना. संध्याकाळचे साडेसात-आठ वाजले असतील, लाईट होती, कूलर चालू होता, आई देवापुढं दिवा लावत होती आणि अचानक हॉलमधला फॅन असा काही पळायला लागला की भाची म्हणाली, मामा तू पाचवर केलास का. पाचवरच होता तो, आमच्याकडं मार्च ते जून रेग्युलेटर पाचवरून हलत नाही. दोन-तीन सेकंदांत देवघरातला झिरोचा बल्ब पांढराफटक पेटला आणि फट करून गेला, किचनमधनं फ्रिजच्या मागून टक् असा आवाज आला आणि मग तो जळका वास, एकदा नाकात गेलेला माणूस आयुष्यभर विसरत नाही तो. मी पळत जाऊन मेन पाडला.

बाहेर येऊन बघतो तर समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात जुना पिवळा बल्ब नुसता निखाऱ्यासारखा लालसर दिसत होता आणि तो बिचारा इस्त्रीकडं बघत होता, तापायचीच थांबलेली. म्हणजे आमच्याकडं दिवाळी आणि त्याच्याकडं अमावस्या, एकाच डीपीवर, म्हणजे गल्लीच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर, एकाच वेळी. (दिवाळी अमावस्येलाच असते म्हणा, पण मुद्दा कळला असेल.)

आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत, सत्तरीचे, सगळा जन्म मोटरी रिवाइंड करण्यात, म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळण्यात गेलेला. अशोक चौकाच्या मागच्या आमच्या भागात यंत्रमागाची एकही मोटर नसेल जिला त्यांचा हात लागलेला नाही. ते बनियनवरच बाहेर आले, वर खांबाकडं बघितलं, एकदा आमच्या घराकडं, एकदा इस्त्रीवाल्याकडं आणि तिथूनच ओरडले, "न्यूट्रल गेलाय बे डीपीचा, कुणी मेन चालू करू नका!" टेस्टर नाही, मीटर नाही, नुसतं बघून. तासाभरानं लाईनमन आला, शिडी लावली, डीपीवर न्यूट्रलची, म्हणजे परतीच्या तारेची, गंजलेली जोडणी सुटलेली निघाली.

फ्रिजचं कार्ड गेलं, वायफायचा अडॅप्टर गेला, दोन एलईडी बल्ब गेले. ते जाऊ दे. पण भाचीनं, जी नववीत गेलीये आणि सुट्टीला आलेली, त्या रात्री गच्चीवर गाद्या टाकल्यावर मला दोन प्रश्न विचारले आणि हा सगळा लेख त्या दोन प्रश्नांचा आहे. एक, आज्जी नेहमी म्हणते लाईट गेली, मग आज लाईट जास्त कशी आली? दोन, एमसीबी (बोर्डातलं आपोआप पडणारं बटण) कशाला बसवलाय मग, तो का नाही पडला?

मी डिप्लोमा केलाय, इलेक्ट्रॉनिक्समध्ये, पोटापाण्यासाठी वेगळंच काहीतरी करतो पण बेसिक तर येतंच की. असं वाटलं. सुरुवात केली पाण्याच्या उदाहरणानं, जे सगळे देतात, गच्चीवरची टाकी म्हणजे व्होल्टेज, पाइपमधून वाहणारं पाणी म्हणजे करंट, नळ अर्धवट बंद केला की तो रेझिस्टन्स. ती म्हणाली, पण टाकी रिकामी होते ना, मग वायरमधला करंट संपतो का? आणि पाइप तुटला तर पाणी खाली सांडतं, वायर तुटली तर करंट का नाही सांडत? शिवाय सोलापुरात नळाचं उदाहरण द्यायचं म्हणजे, पाणी चार-पाच दिवसांनी येणार, तिचा विश्वासच बसेना की हे कुठंतरी सतत वाहतं.

मग मला बाबांचा कारखाना आठवला.

कारखाना म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड. एके काळी तिथं चार माग होते, टॉवेल निघायचे, आता दोन विकले आणि दोन चादरी टाकून झाकून ठेवलेत. सकाळी भाचीला घेऊन गेलो. मागाला खाली एक मोटर असते साधारण एक हॉर्सपॉवरची, तिची पुली, आणि तिथून मागाच्या मोठ्या चाकापर्यंत पट्टा. तिला म्हटलं हाताने मोटरची पुली फिरव. तिनं फिरवली, तिकडं चाक लगेच हललं. आता नीट बघ, म्हटलं, पट्ट्यावर खडूनं एक खूण कर. खूण हळूहळू सरकत गेली पण चाक मात्र पहिल्या झटक्यालाच हललं होतं. आणि पट्टा एका बाजूनं जातो तेवढाच दुसऱ्या बाजूनं परत येतो, माग पट्टा खाऊन टाकत नाही, पट्टा तेवढाच राहतो, माग खातो तो फक्त जोर. पट्टा कुठंही काप, जाणाऱ्या बाजूला काप नाहीतर येणाऱ्या बाजूला, सगळंच थांबतं आणि काही सांडत नाही.

सर्किट म्हणजे हेच. पुस्तकात परिपथ म्हणतात. मोटर म्हणजे बॅटरी किंवा डीपी, माग म्हणजे फॅन, पट्टा म्हणजे तांब्याच्या तारेत आधीपासूनच ठासून भरलेले इलेक्ट्रॉन. बॅटरी इलेक्ट्रॉन बनवत नाही, असलेल्यांना ढकलते. पट्ट्याला जी खेच बसते ते व्होल्टेज (तिच्या पुस्तकातलं विभवांतर), पट्टा किती वेगात पळतो तो करंट, म्हणजे विद्युतधारा, आणि माग जेवढा जड तेवढा तो पट्ट्याला अडवणार, तो रेझिस्टन्स, म्हणजे रोध. खेच दुप्पट केली तर धाव दुप्पट, अडथळा दुप्पट केला तर धाव निम्मी. गेओर्ग ओहम नावाच्या जर्मन मास्तरानं १८२७ मध्ये हेच छापलं तर त्याच्या देशात कुणी फार किंमत दिली नाही, नोकरीपण सोडली त्यानं, पुढं १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं कॉप्ली मेडल दिलं तेव्हा कुठं लोकांना वाटलं अरे हा बरोबर होता की. आज ओहमचा नियम तीन अक्षरांत बसतो, V = I × R, आणि शाळेत पोरं त्या तीन अक्षरांचा त्रिकोण काढून पाठ करतात, पण पट्टा डोळ्यासमोर नसेल तर तो त्रिकोण काही कामाचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

खडूच्या खुणेचं गणित तर मी रात्री करून बघितलं, मलाच विश्वास बसेना. घरात साधारण दीड स्क्वेअर एमएमची वायर असते. त्यातून १ अँपिअर डीसी, म्हणजे एकाच दिशेनं जाणारा, करंट सोडला तर इलेक्ट्रॉन सरासरी तासाला १८ सेंटिमीटर सरकतात. तासाला! गोगलगाय पुढं जाईल. तरी बटण दाबल्याबरोबर बल्ब लागतो कारण पट्टा सगळीकडं एकदमच ओढला जातो. आणि आपल्या घरात तर एसी, म्हणजे पट्टा गोल फिरतच नाही, करवतीसारखा मागंपुढं, सेकंदाला ५० वेळा. त्यामुळं सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या पॉवर प्लांटमधला इलेक्ट्रॉन माझ्या फॅनपर्यंत कधी पोचत नाही, जोर तेवढा पोचतो, आणि बिल आपण त्या जोराचं भरतो. १००० वॅटची इस्त्री एक तास म्हणजे एक युनिट, ७५ वॅटचा जुना फॅन साधारण १३ तास म्हणजे एक युनिट.

(एक गमतीची चूक पण सांगून टाकतो. करंट प्लसकडून मायनसकडं जातो असं सगळ्या आकृत्यांत बाण असतो. तो बाण इलेक्ट्रॉन सापडायच्या कितीतरी आधी ठरला, इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, आणि निघाला निगेटिव्ह, म्हणजे तारेत खरी धाव बाणाच्या उलट. भाची म्हणाली मग दुरुस्त का नाही केलं. म्हटलं सगळी पुस्तकं छापून झाली होती ना गं.)

आता त्या संध्याकाळकडं येतो.

डीपीतून गल्लीत चार तारा येतात, तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, आणि एक न्यूट्रल. कुठल्याही एका फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट. पण दोन फेजमध्ये? ४६० नाही, कारण तिन्हींचा ठेका एकमेकांच्या पुढंमागं असतो, तिथं येतात साधारण ४०० व्होल्ट. आमचं घर एका फेजवर, समोरचा इस्त्रीवाला दुसऱ्या फेजवर, आणि दोघांचाही परतीचा पट्टा एकच, न्यूट्रल. तो डीपीवर तुटला की आमच्या घरातून निघालेल्या करंटला परत जायला वाट राहत नाही. मग तो काय करतो, आमच्या घरातून न्यूट्रलच्या तारेनं इस्त्रीवाल्याच्या दुकानात शिरतो आणि त्याच्या इस्त्रीतून उलटा त्याच्या फेजवर जातो. म्हणजे आमचं घर आणि त्याचं दुकान एकसर जोडणीत, सिरीजमध्ये, आणि दोघांवर मिळून ४०० व्होल्ट.

भाचीला वही काढायला लावली. सोपं धर, आमच्याकडं फक्त १०० वॅटचा एक बल्ब, त्याच्याकडं १००० वॅटची इस्त्री. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले करंट, म्हणून बल्बचा रोध २३० गुणिले २३० भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. इस्त्रीचा त्याच्या दहावा भाग, ५३ ओहम. दोन्ही सिरीजमध्ये, ५८२ ओहम, ४०० व्होल्टला भागलं तर ०.६९ अँपिअर. आता कुणाच्या वाट्याला किती व्होल्ट? बल्बला ३६४, इस्त्रीला ३६. तिनं दोनदा करून बघितलं. मग मान वर करून म्हणाली, म्हणजे ज्याच्याकडं कमी वस्तू चालू त्यालाच जास्त शॉट? होय. रोध जास्त असलेल्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. खरं तर तीन फेज आणि गल्लीतली पन्नास घरं धरली की गणित लांबतं पण गाभा हाच. त्या संध्याकाळी आमच्याकडं एक फॅन, एक कूलर, फ्रिज आणि किरकोळ दिवे. इस्त्रीवाल्याची इस्त्री ऐन रंगात होती. त्यानं काही चूक केली नाही, आम्हीपण नाही, फक्त मधली परतीची तार सुटली.

आणि एमसीबी? एमसीबी व्होल्टेज बघतच नाही बाई. तो बघतो करंट, आणि तोही वायर तापू नये म्हणून. १६ अँपिअरचा एमसीबी आहे, आपल्या घरात सगळं मिळून चार-पाच अँपिअर जात होता, त्याच्या दृष्टीनं सगळं छान चाललेलं. व्होल्टेज वाढलं तर तोडणारं वेगळं यंत्र मिळतं, ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्टर, ते आम्ही नंतर बसवलं, म्हणजे फ्रिजच्या कार्डाचे पैसे गेल्यावर, जशी पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले, मागच्या खोलीतलं एक पॉइंट तेव्हापासून बंद होतं. भाची त्यांच्या मागंमागं टेस्टर घेऊन. तिनं सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घातला, लागला. डाव्या भोकात घातला, तिथंपण लागला! "अण्णा, दोन्हीकडं फेज!" अण्णा हसले. "दोन नाही गं, एकच आहे. न्यूट्रल तुटलाय भिंतीत. फेज पलीकडच्या बल्बातनं फिरून हिकडं आलाय, पुढं जायला वाट नाही म्हणून उभा राहिलाय." हे वाक्य मी डिप्लोम्याच्या तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. करंट वाहत नाहीये म्हणून बल्बवर व्होल्टेज पडत नाही, म्हणून बल्बच्या अलीकडं जेवढे तेवढेच पलीकडं. टेस्टरच्या आत एक छोटा निऑन दिवा आणि भला मोठा रेझिस्टर असतो, आपलं बोट मागच्या टोपणाला लावलं की आपल्या अंगातून अगदी बारीक करंट जमिनीत जातो, मिलीअँपिअरपेक्षा कमी, आणि तेवढ्यावर निऑन लागतो. म्हणून टेस्टर फक्त एवढंच सांगतो की हितं व्होल्टेज आहे, वाट पुरी आहे का ते सांगत नाही. अण्णांचा भरवसा टेस्टरपेक्षा त्यांच्या टेस्ट लॅम्पवर. होल्डर, १०० वॅटचा बल्ब, दोन वायरी, बस.

तोच बल्ब ते सिरीज बोर्डालापण वापरतात. दुरुस्त केलेला मिक्सर किंवा मोटर थेट लाईनवर कधी लावत नाहीत, आधी बल्बच्या सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर सगळे २३० व्होल्ट बल्बवर येतात, बल्ब लख्ख पेटतो आणि अर्ध्या अँपिअरच्या वर काही जात नाही, फटाका वाजत नाही, फ्यूज उडत नाही. नीट असेल तर बल्ब जरासा लागतो. दहा रुपयांत मिळणारं पीएचडी. आता पिवळे बल्ब मिळेनासे झालेत म्हणून अण्णांनी दोन डझन साठवून ठेवलेत, बायको शिव्या घालते.

पक्षी तारेवर बसतो त्याला शॉक का नाही, हे भाचीला शाळेत सांगितलं होतं, दोन्ही पाय एकाच तारेवर, वाट पुरी होत नाही. मग तिचा प्रश्न, आपण पण एकच तार धरतो, आपल्याला का बसतो? कारण डीपीवर न्यूट्रल मुद्दाम जमिनीत पुरलेला असतो. त्यामुळं जमीन हीपण एक परतीची तार झाली. आपण फेज धरला की पट्टा हातातून शिरतो, पायातून जमिनीत, जमिनीतून डीपीला. सुकी लाकडी खुर्ची, रबरी चप्पल, ह्यानं ती वाट अवघड होते, ओल्या फरशीनं सोपी होते. एक मिलीअँपिअरला झिणझिण्या, दहाच्या आसपास स्नायू असे आवळतात की धरलेलं सुटत नाही, आणि तीसच्या वर काही वेळ राहिला तर जिवाशी खेळ. मिलीअँपिअर, म्हणजे हजारावा भाग. ज्या एमसीबीला आपण देव मानतो तो १६ अँपिअरला जागा होतो. माणूस मेला तरी त्याला कळणार नाही.

बाबा ह्या सगळ्यात गप्प बसून होते. त्यांना मागाच्या खडखडाटानं ऐकू कमी येतं, टीव्हीचा आवाज फुल असतो. पण मोटर कुथायला लागली की ते झोपेतनं उठायचे, हे मी लहानपणी कितीदा बघितलंय. तीनपैकी एक फेज गेला की चालू मोटर लगेच बंद पडत नाही, उरलेल्या दोन फेजवर जोर काढायला जाते, जास्त करंट खेचते, हूंऽऽ करते आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं. बाबा त्या हूंवर चप्पल न घालता पळायचे. तीन फेज असले की त्यांचे ठेके पुढंमागं असल्यामुळं मोटरच्या आत चुंबकाचा जोर आपोआप गोल फिरतो, त्याला कुणी ढकलावं लागत नाही. घरातल्या फॅनला एकच फेज, त्याचा जोर नुसता वाढतो-कमी होतो, फिरत नाही, म्हणून त्याला कपॅसिटर लागतो, जो दुसऱ्या वाइंडिंगचा ठेका थोडा पुढं सरकवतो आणि फिरण्याचा भास तयार करतो. त्यावर २.५ मायक्रोफॅरड असं लिहिलेलं असतं बहुतेक. फॅन हळू झाला, हातानं ढकलल्यावर फिरतो, तर नव्वद टक्के वेळा तो कपॅसिटर गेलेला असतो. हे तरी लोकांनी शिकून घ्यावं, आमच्याकडं शेजारच्यांनी ह्याच कारणासाठी चांगला फॅन भंगारात दिलाय.

ठेक्याची गोष्ट निघालीच आहे तर सोलापूरचा एक मान सांगतो जो सोलापूरकरांनाच माहीत नसतो. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन चालू झाली आणि त्या दिवशी दक्षिणेचा ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका ठेक्यात जोडला गेला. त्याच्या आधी दक्षिण वेगळ्या ठेक्यात चालायची, म्हणूनच जुलै २०१२ मध्ये उत्तरेत तो प्रचंड ब्लॅकआउट झाला तेव्हा दक्षिणेला काही झालं नाही. आता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी मोठी जनित्रं त्याच ५० च्या ठेक्यात, आणि ती पहिली गाठ आपल्या हितं बसलेली. चादर आणि शेंगा चटणीसोबत हेपण सांगत जा पाहुण्यांना.

भाचीचं पुढचं प्रश्नोत्तर, ७६५ किलो कशाला, घरात तर २३० च लागतात. कारण तार तापते ती करंटच्या वर्गानं. तेवढीच पॉवर दहापट व्होल्टेजनं पाठवली तर करंट दहावा भाग आणि तारेतली नासाडी शंभरावा भाग. पट्ट्याच्या भाषेत, खेच जबरदस्त ठेवायची आणि पट्टा संथ चालवायचा, घासणं कमी.

इलेक्ट्रॉनिक्सचं प्रकरण मी थोडक्यात उरकणार होतो पण तिनं नवी पेठेतून स्वतःच्या पैशानं नऊ व्होल्टची बॅटरी आणि लाल एलईडी आणले आणि थेट जोडले. एक क्षण झकास उजेड, मग कायमचा अंधार. बल्ब स्वतःचा करंट स्वतः आवरतो, एलईडीला ती अक्कल नसते, तो डायोड आहे, एकाच दिशेनं वाट देणारं दार, आणि एकदा दार उघडलं की धक्का देणाऱ्याला तो अडवत नाही. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेले ७ कुणीतरी झेलले पाहिजेत. २० मिलीअँपिअर हवा तर ७ भागिले ०.०२, ३५० ओहम. ३५० चा सहज मिळत नाही, ३३० चा घे, नारंगी नारंगी तपकिरी पट्टे, किंवा जरा आरामात ४७० चा, पिवळा जांभळा तपकिरी. आठ आण्याची वस्तू. दुसरा एलईडी तिनं ४७० लावून जोडला तो रात्रभर चालू ठेवला, बॅटरी संपली, पण खूश होती.

मोबाईलचा चार्जर म्हणजे ह्या एकदिशा दारांची करामत. चार डायोड असे जोडायचे की एसीची करवत मागं गेली तरी आणि पुढं गेली तरी बाहेर एकाच दिशेनं धक्का निघतो. मग कपॅसिटर, जो माठासारखा भरतो आणि धक्क्यांच्या मधल्या वेळात ओततो. इथं एक फसवं आहे, २३० हा एसीचा एक प्रकारचा सरासरी आकडा, तिचं टोक जातं ३२५ व्होल्टला, म्हणजे त्या एवढ्याशा डबीत कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी बसलेले असतात. म्हणून चार्जर उघडून बोट घालू नये, प्लग काढल्यावरपण लगेच नाही. पुढं एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेनंच चालू-बंद होणारं बटण, त्याला सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करतो, कारण ठेका जितका जलद तितका ट्रान्सफॉर्मर लहान चालतो, आणि मग ५ व्होल्ट. आमच्या लहानपणी टेपरेकॉर्डरचा इलिमिनेटर, म्हणजे सेलऐवजी लावायचा अडॅप्टर, विटेएवढा जड असायचा कारण तो बिचारा ५० च्या ठेक्यावर चालायचा.

असो. अण्णांनी जाता जाता आमची अर्थिंग, म्हणजे घराची जमिनीशी जोडणी, बघितली आणि डोक्याला हात लावला. घरामागं खड्डा होता, त्यात कोळसा आणि मीठ घालून पाइप पुरलेला, बाबांनीच १९९० च्या दरम्यान केलेला, पण तिथं उन्हाळ्यात पाणी टाकायचं असतं हे माग बंद झाल्यापासून सगळे विसरलेले, माती खडखडीत. चार बादल्या ओतल्या (आईनं त्या बादल्यांकडं कसं बघितलं ते लिहीत नाही, पाण्याचा दिवस दोन दिवसांवर होता). आणि मेनला आरसीसीबी लावून घेतला, ३० मिलीअँपिअरचा.

हा आरसीसीबी मला फार आवडला कारण त्याला पट्ट्याची गोष्ट कळते. तो किती करंट जातोय ते बघतच नाही. फेजनं गेला किती आणि न्यूट्रलनं परत आला किती एवढाच हिशोब करतो, दोन्ही तारा एका कडीतून जातात, समान असले तर त्यांचे चुंबकी परिणाम एकमेकांना मारतात. तीस मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठूनतरी गळून जमिनीत चाललाय, कदाचित माणसातून, लगेच तोडतो. भाचीनं त्यावरचं टेस्टचं बटण दिवसातून दहादा दाबायला सुरुवात केली. महिन्यातून एकदा पुरे.

बसवला आणि त्याच संध्याकाळी सात वाजता पडला. वर केला, पडला. परत. आई म्हणाली हे काय नवीन लफडं आणलंस, जुनं बरं होतं की. एकेक वस्तू काढत गेलो, कूलर काढला की थांबायचा. कूलरचा पंप आत पाण्यात बुडालेला, त्याची वायर वर्षानुवर्षं भिजून सडलेली, पत्र्याच्या बॉडीत करंट उतरत होता. मग इतके दिवस कसं चाललं? तर कूलरला बाबांनी दोन पिनचा प्लग लावलेला, अर्थ नावाची तारच नाही, म्हणजे गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाट नव्हती. अण्णांनी आदल्या दिवशी तीन पिनचा प्लग लावला तेव्हा वाट मिळाली आणि आरसीसीबीनं पकडला. तोपर्यंत वाट म्हणजे आम्हीच. दर उन्हाळ्यात कूलरला हात लागला की झिणझिण्या यायच्या आणि आम्ही म्हणायचो, कूलर आहे, एवढं चालतंच. कूलरपाशी एक निळी रबरी चप्पल ठेवलेली असायची, पाणी भरायला जाताना घालायची, माझ्या आठवणीत आहे तेव्हापासून आहे ती. कुणी ठेवली, कशाला ठेवली, कधी विचारलं नाही.

बाबांना विचारलं. जोरात विचारावं लागलं. ते म्हणाले, तुझ्या आईला शॉक बसला होता एकदा, मग ठेवली.

पंप नवीन टाकला, आता आरसीसीबी पडत नाही, कूलरला हात लावला तरी काही नाही. भाची पुण्याला गेली. चप्पल आईनं हलवू दिलेली नाही, परवा पाणी भरताना बघितलं, घालूनच भरत होती.